मुनीमजींच्या हातानं सुरू होणारी मशीन

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक सगळ्यात आधी सांगतं, "काल तर मस्त चालून राहिला होता." मी बावीस-तेवीस वर्षांची असल्यापासून हे ऐकत आले. सुरुवातीला मला वाटायचं, लोक माहिती देऊन राहिलेत. पुढे कळलं की तो जबाब असतो. मी काही केलं नाही, एवढंच त्याला म्हणायचं असतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नागपूरच्या एका कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानात मी दुरुस्तीच्या कामावर होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, सौंसरच्या शाळामास्तरांची मुलगी. आमच्या साहेबांनी भाग वाटून दिले तेव्हा मध्य प्रदेशात पडणारं पांढुर्णा आणि सौंसर कोणीच घेईना. साहेब म्हणाले, "ही तिकडचीच आहे, हिलाच द्या." तिकडे तेव्हा मोजकेच कॉम्प्युटर होते. काही संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडे, काही कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये, एखादा सरकारी कचेरीत चादर पांघरून बसलेला.

निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच जातीच्या असत. मशीन सुरूच होत नाही. ते का होतं, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

बटण दाबलं की कॉम्प्युटरला काहीच माहीत नसतं. आपण कोण, कुठले, आज काय करायचं, काही नाही. त्याच्या पोटातल्या एका छोट्या चिपमध्ये तेवढं लिहिलेलं असतं, की आधी स्वतःची मेमरी मोजून घे, मग फ्लॉपीच्या खाचेत काही आहे का बघ, तिथं नसेल तर हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर जा. त्या जागेवर पुढची सूचना असते. ती वाचली की मशीन कामाची. ती वाचता आली नाही की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते आणि गिऱ्हाईक नागपूरला फोन लावतं.

कधी कधी कोणी तरी खाचेत कालची फ्लॉपी विसरलेलं असे. मशीन तीच उघडून बघे, तिच्यात सूचना नसे, आणि ती रुसून बसे. मी सकाळची गाडी पकडून जायची, फ्लॉपी बाहेर ओढायची, चहा प्यायची आणि परत यायची.

सौंसरच्या एका संत्रा व्यापाऱ्याची तक्रार वेगळी होती. "बाई, मशीन सुरू व्हाले लई टाईम घेऊन राहिली." जाऊन पाहिलं तर त्यांच्या भाच्यानं सुरुवातीच्या सूचनांमध्ये देवांची नावं घातली होती. एकेका देवाचं नाव पडद्यावर येई आणि बटण दाबेपर्यंत थांबे. गणपती, दत्त, गजानन महाराज, मग गावची देवी. सगळ्यांना बटण दाबत दाबत हिशेबापर्यंत पोचायचं. मी थांबे काढून टाकले, नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, देव लई जोरात पळून राहिले, दर्शन होत नाही. मग असं ठरलं की बाकीचे जाऊ द्यायचे आणि जामसांवलीच्या आडव्या निजलेल्या मारुतीला तेवढं थांबवायचं. ते म्हणाले, "तो झोपेलच हाय. त्याले काही घाई नाही." तसं करून दिलं. मशीन लवकर सुरू होऊ लागली.

पण मला सांगायचं आहे ते पांढुर्ण्याच्या जिनिंगचं.

तिथल्या शेठजींनी उन्हाळ्यात आमच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता. कापूस कोणाचा किती आला, कोणत्या दिवशी आला, गाठी किती बांधल्या, सगळं त्यात ठेवायचं. पावसाळाभर आमच्या दुकानाचा माणूस जाऊन-येऊन प्रोग्रॅम बसवून देत होता. हंगाम सुरू होताना शेठजींनी ऑपरेटर ठेवली. सुलभा तिचं नाव. तिथलीच, कॉमर्स झालेली, नागपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. त्या जिनिंगच्या ऑफिसात कामाला आलेली ती पहिली बाई. दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं. दिवाळी झाली आणि मशीन सकाळी सुरू होईना.

मी पोचले तेव्हा शेठजी ऑफिसच्या दारातच उभे होते. माझ्या मागे बघत म्हणाले, "इंजिनेर साहेब?"

"मीच."

"ते ठीक आहे. पण साहेब केव्हा येतील?"

मीच आले आहे, आणखी कोणी येणार नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, "देखो मॅडम, मशीनमध्ये काही खराबी नाही. मशीन हात वळखते."

त्यांचं म्हणणं असं, की सुलभा सकाळी येऊन बटण दाबते तेव्हा मशीन सुरू होत नाही. अकरा वाजता मुनीमजी येतात. पूजा आटोपून, कपाळाला गंध लावून. ते हात धुतात, मशीनला नमस्कार करतात, बटण बंद करून परत लावतात, आणि मशीन सुरू होते. एखाद दिवस नाही, रोज. म्हणून शेठजींनी नियमच करून टाकला होता. पोरीनं सकाळी एकदा लावून पाहायची. नाही झाली तर पुन्हा हात लावायचा नाही, बंद करायलाही नाही. मुनीमजींची वाट पाहायची.

"मग मला का बोलावलं?" मी विचारलं.

"मुनीमजी रविवारी येत नाहीत ना," शेठजी म्हणाले. हंगामात जिनिंग रविवारीही चालू असे.

मी खोलीत गेले. सुलभा खुर्चीवर नव्हती, खिडकीपाशी उभी होती. पडद्यावर हार्ड डिस्क सापडत नसल्याची ओळ होती. मी बटण बंद करून लावलं. मेमरी मोजली गेली, दिवा लुकलुकला, आणि तीच ओळ परत. शेठजी दारातून बघत होते. त्यांच्या हिशेबात आता दोन बायका झाल्या होत्या.

अकराला मुनीमजी आले. उंच, वाळलेला माणूस, धोतर, काळी टोपी. शेठजींच्या वडिलांपासून या जिनिंगमध्ये होते. कॉम्प्युटर येईपर्यंत सगळा हिशेब त्यांच्या हातचा. आता गादीवर बसून ते दिवसभर कापूस घेऊन येणाऱ्यांची चौकशी करत, आणि सकाळी एकदा मशीन लावत. ते आले, मला "बसा" म्हणाले, हात धुऊन आले. बटण बंद केलं. डोळे मिटले. बटण लावलं. मेमरी मोजली गेली, दिवा लुकलुकला, डिस्कनं घरघर केली, आणि मशीन सुरू झाली.

"झालं," ते म्हणाले, आणि गादीवर जाऊन बसले. त्यांच्या बोलण्यात घमेंड नव्हती. गोठ्यातलं एखादं जनावर दुसऱ्या कोणाला दूध देत नाही आणि आपल्याला देतं, तेव्हा माणूस जसा बोलतो तसे ते बोलले.

दुपारी मी आणि सुलभानं बरोबर डबा खाल्ला. बराच वेळ ती नुसती भाकरी मोडत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? खरं सांगा. माझ्यामुळं तर नाही ना होऊन राहिलं?"

"वेडी आहेस का? तू कोर्स केला आहेस ना?"

"केला. पण रोजच होऊन राहिलं ना. रोज. आधी मी हसली. मग रडली. आता सकाळी बटण दाबायच्या आधी हात धुते मी पण. तरी नाही होत."

बोरगावचे पाहुणे तिला बघायला येणार होते, ते तिनं मग सांगितलं. त्यांचा एक नातेवाईक इथंच कापूस घेऊन येतो. त्यानं तिकडं जाऊन सांगितलं असावं, की जिनिंगमध्ये एक पोट्टी आहे, तिचा हात लागला की मशीन बंद पडते. पाहुण्यांचा निरोप आला, हंगाम झाल्यावर पाहू. "आई म्हणते, नोकरी सोडून दे. बाबा म्हणते, सोडली तर लोक म्हणतीन खरंच होतं."

मी त्या दिवशी सौंसरला घरी राहिले आणि सकाळच्या पहिल्या बसनं परत आले. दहिवर पडलं होतं. सुलभा आली, चौकीदारानं खोली उघडली. मी मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला तर तो पाण्याच्या माठासारखा गार. आम्ही शेठजींना कॉम्प्युटर विकला तेव्हा सांगून ठेवलं होतं, खोली थंड ठेवा. त्यांनी ते मनावर घेतलं होतं. उत्तरेकडची खोली, जाड भिंती, आणि डिसेंबरातही खिडकीला वाळ्याचा पडदा.

माझ्याकडे मशीन सुरू करण्याची फ्लॉपी असे. ती खाचेत घातली आणि सुलभाला म्हटलं, "दाब बटण."

"मी?"

"तूच."

तिनं दाबलं. मशीन फ्लॉपीवरून सुरू झाली. म्हणजे मशीनचं डोकं ठीक होतं. मग फ्लॉपीवरूनच हार्ड डिस्क बघायला गेले तर ती वाचेना. सुलभा स्वतःच्या बोटाकडे बघत होती. मी तिला म्हटलं, आता काही करू नको, चालू राहू दे. आम्ही चहा मागवला. दोनेक तासांनी पत्रा कोमट झाला. फ्लॉपी काढली, मशीन बंद करून परत लावली, आणि ती आपली आपण हार्ड डिस्कवरून सुरू झाली. बटण सुलभानंच दाबलं होतं.

तेव्हाच्या हार्ड डिस्कमध्ये एक धातूची तबकडी असे आणि तिच्यावरून एक वाचणारं टोक सरके. तबकडीवर गोल गोल वाटा आखलेल्या असत. ते टोक ठराविक पावलं टाकून त्या वाटेवर येऊन थांबे. वाट बरोबर पायाखाली आली की नाही, हे ते बघत नसे. आता धातू गारठ्यात आकसतो. आमच्या दुकानात या डिस्कवरच्या वाटा आखल्या होत्या मे महिन्यात. नागपूरचा मे महिना, आणि दुकानाचा वरचा मजला. पांढुर्ण्यात डिसेंबरच्या सकाळी ते टोक तेवढीच पावलं टाकी आणि केसभर बाजूला पडे. मशीन दोन तास चालू राहिली की डिस्क तापे, फुगे, आणि टोक परत वाटेवर येई.

म्हणजे मुनीमजींसाठी मशीन रोज सुलभाच तापवून ठेवत होती. बंद करायलाही हात लावू नको म्हटल्यामुळे.

मला वाटलं, हे शेठजींना सांगितलं की झालं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, लोखंड उन्हाळ्यात पण तेच आणि हिवाळ्यात पण तेच." मग मी म्हटलं, प्रयोग करू. उद्या सकाळी मशीनला कोणीच हात लावायचा नाही. मुनीमजींनी लवकर यायचं आणि पहिलं बटण त्यांनी दाबायचं.

मुनीमजी आले. गळ्यात मफलर, पण गंध लावलेलं होतं. शेठजी, चौकीदार, वजनकाट्यावरचे दोघे, सगळे जमले. मुनीमजींनी हात जोडले, बटण दाबलं. मेमरी मोजली गेली. दिवा लुकलुकला. ती ओळ आली.

त्यांनी परत दाबलं. परत तीच ओळ.

मी त्यांच्या तोंडाकडे बघायला नको होतं. मला वाटलं होतं ते चिडतील, नाही तर हसतील. ते घाबरले होते. बायको गेल्यावर एकटे राहणारे, हिशेब हातातून गेलेले, आणि आता हेही. ते हळूच म्हणाले, "आज घाईघाईत आंघोळ केली म्या. पूजा अर्धीच राहिली." आणि चपला घालून घरी निघून गेले.

शेठजी मला म्हणाले, "अब?"

"आता बघा," मी म्हणाले. "त्यांचा हात लागूनही झाली नाही ना?"

पण या सगळ्यात मशीन चालूच राहिली होती. मुनीमजी घरी गेले, नीट आंघोळ केली, पूजा पूर्ण केली, आणि बऱ्याच वेळानं परत आले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी बटण बंद करून लावलं. मशीन सुरू झाली.

काट्यावरच्या एकानं टाळी वाजवली. शेठजी म्हणाले, "देखा? पूजा अर्धी होती." माझा प्रयोग माझ्याच अंगावर आला. मग मी सुलभाला बोलावून तिच्याच हातून मशीन बंद करून लावून दाखवली. ती झाली सुरू. शेठजी म्हणाले, "मुनीमजींनी लावलेली आहे, म्हणून."  

वाद घालून उपयोग नाही हे कळल्यावर उरलं होतं ते काम. डिस्क पुसून तिच्यावर नव्यानं वाटा आखायच्या, इथल्याच हवेत, मशीन जरा कोमट झाल्यावर, म्हणजे गार असो की गरम, टोक वाटेपासून फार लांब पडणार नाही. पण पुसायची म्हणजे हंगामाचा सगळा कापूस त्यात होता. कोणत्या गावचा, कोणाचा, किती. ते आधी फ्लॉप्यांवर उतरवायचं आणि मग परत भरायचं. शेठजी म्हणाले, "आणि नाही परत आलं तर?"

"येईल."

"नाही आलं तर तुमची नोकरी जाईल, माझी इज्जत जाईल, आणि पोरीले तर लोक उभं नाही करणार."

ते बरोबरच बोलत होते. मी सुलभाकडे बघितलं. ती म्हणाली, "करा ताई. असंही काय राहिलं आहे."

पुढच्या दिवशी सकाळपासून बसलो. सुलभा फ्लॉप्या बदलत होती, मी एकेक तपासत होते. सगळं उतरल्याची खात्री झाल्यावर डिस्क पुसायचा हुकूम दिला. तो दिल्यावर ती मशीन विचारते, नक्की का? मी हो म्हटलं.  वाटा आखून झाल्या. फ्लॉप्या परत घालायला लागलो. तिगावचा कापूस असलेली फ्लॉपी पहिल्यांदा वाचलीच गेली नाही. मी ती काढली, सुलभानं पदरानं पुसली. कोर्समध्ये असं करू नये म्हणून शिकवतात. परत घातली. वाचली गेली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा तसाच होता. मी मुद्दाम खोलीबाहेर थांबले. आतून मेमरी मोजल्याची टिकटिक ऐकू आली, मग डिस्कची घरघर, मग बराच वेळ काही नाही. मी आत डोकावले. सुलभा खुर्चीवर बसली होती आणि कालच्या पावत्या भरायला लागली होती. तिनं मला हाक मारली नव्हती. मला ते आवडलं.

अकराला मुनीमजी आले. हात धुतले, ओले हात पुसत दारापर्यंत आले. मशीन चालू होती.

"झाली सुरू?"

"झाली," सुलभा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"आपल्या आपण?"

"हो."

त्यांनी कोरडे झालेले हात परत पुसले. मग "चांगलं झालं" म्हणून गादीवर जाऊन बसले. त्या दिवशी कापूस घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यावर ते कारण नसताना ओरडले. मी माझ्या कामात पटाईत होते, हे आता म्हणायला हरकत नाही. पण त्या माणसाच्या दिवसातलं एक काम मी काढून घेतलं होतं आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्या पेटीत काही नव्हतं.

शेठजींनी आमच्या साहेबांना फोन करून सांगितलं, की मशीन आता कोणाच्याही हातानं सुरू होते, मुनीमजींच्या त्या दिवशीच्या पूजेचा गुण आला. माझंही नाव घेतलं. मॅडमनी चहाला नाही म्हटलं नाही, असं काहीतरी ते म्हणाले.

बोरगावचे पाहुणे हंगाम झाल्यावरही आले नाहीत. मशीन बिघडल्याची बातमी तिकडे आपोआप पोचली होती. दुरुस्त झाल्याची पोचवायला कोणी गेलं नाही. सुलभाचं लग्न पुढे झालं, सौंसरकडच्या एका मास्तरांशी. नोकरी तिनं सोडली नाही.

पुढच्या हंगामात मी मशीन तपासायला गेले तर खोलीत एक जास्तीची खुर्ची होती आणि तिच्यावर मुनीमजी बसले होते. झालं असं होतं की मशीनला नाव आणि गाव एवढंच कळे. तिगावात नामदेव घागरे दोन. गेल्या वर्षी एकाचा कापूस दुसऱ्याच्या नावावर चढला आणि काट्यावर मारामारी होता होता राहिली. तेव्हापासून सुलभा अशी नावं आली की मुनीमजींना हाक मारी. ते येऊन सांगत, आणि ती नावापुढे कंसात खूण घाली. मग रोजच नावं निघायला लागली आणि मुनीमजींनी खुर्चीच आणून घेतली.

मी तिथं बसले असतानाच एक माणूस हातात छापील पावती घेऊन आत आला. बरोबर त्याचा शाळेत जाणारा मुलगा.

"कोनं लिवलं हे?" तो ओरडला. "माह्या पोरानं साऱ्या काट्यावर वाचून दाखवलं. नामदेव घागरे, घरजावई! कोनं लिवलं?"

सुलभा मुनीमजींकडे बघायला लागली. मुनीमजी सुलभाकडे. 

"मशीन हाय, भौ," मुनीमजी म्हणाले. "तिच्या मनात काय येईन, सांगता येत नाही."

"हो भाऊ," सुलभा म्हणाली. "आम्ही तर नुसतं नाव टाकून राहिलो. बाकी तीच छापून राहिली."

"मशीनले काय मालूम मी घरजावई हाय?"

"तेच तर," मुनीमजी गंभीरपणे म्हणाले. "ह्या नागपूरच्या इंजिनेर बाई हायेत. ह्याच कामासाठी आल्या. इचारा त्यायले."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मुलगाही.

"मशीनचीच चूक आहे," मी म्हणाले. "काढून टाकते."

तो जरा शांत झाला. पावती फाडली, दुसरी मागितली. सुलभानं कंसातलं पुसलं आणि हळूच विचारलं, "मुनीमजी, मग आता काय टाकू? दुसरा विहिरीवाला आहे."

मुनीमजींनी त्या माणसाला एकदा खालून वर बघितलं.

"मोठा टाक," ते म्हणाले.

"पण हे तर वयानं लहान आहेत ना दोघांत?"

"टाक तं खरं, पोरी."

तिनं टाकलं. मशीननं पावती छापली. मुलानं ती मोठ्यानं वाचली. नामदेव घागरेंनी ती पावती घडी घालून खिशात ठेवली, टोपी सरळ केली, आणि जाताना मला म्हणाले, "आता बराबर दुरुस्त झाली."